ईआरपी (सगळ्या खात्यांचं काम एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) आलं, तरी स्टोअरमधली वही बंद होत नाही. तुमच्याकडे आयटी आणि वापरणाऱ्यांचं कसं जमतं?

अंबडचा_प्रोग्रामर | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज धागा काढतोच.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी आयटीत आहे. गाड्यांचे पार्ट बनतात. आम्ही आयटीत तिघं. गेल्या वर्षी स्टोअर, खरेदी आणि जॉबवर्कसाठी (आपला माल बाहेर पाठवून करून घ्यायचं काम) स्वतःच सिस्टीम लिहायला घेतली. आठ महिने खपलो. प्रत्येक खात्याच्या साहेबांबरोबर बैठका झाल्या, काय हवं ते कागदावर आलं, सह्या झाल्या. सिस्टीम चालू होऊन दोन महिने झालेत आणि स्टोअरकीपर अजून वहीत लिहितायत.

आधी वाटायचं, लोकांना बदल नकोच असतो. गेल्या मंगळवारी दुसऱ्या शिफ्टला स्टोअरच्या खिडकीशी स्टूल टाकून चार तास बसलो. जे पाहिलं ते सांगतो.

प्लेटिंगवाल्याचा टेम्पो आला. आमच्याकडे जॉबवर्कच्या चलनाला अजून सगळे 'सत्तावन एफ फोर'च म्हणतात. एक्साइज जाऊन जीएसटी आला तरी नाव काही जात नाही. ६०० बुश पाठवले होते, ४१२ प्लेटिंग होऊन आले, ९ खराब म्हणून तसेच परत, बाकीचे पुढच्या फेरीला. आमच्या स्टोअरच्या आप्पांनी वही उघडली. तारीख, पार्टी, गेले, आले, खराब, आणि शेवटच्या रकान्यात लाल पेनानं १७९. मिनिटभराचं काम. मग कॉम्प्युटरकडे वळले. माझ्या स्क्रीनवर चौदा रकाने. त्यात पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर सक्तीचा, कारण खरेदीच्या साहेबांनी तसं लिहून दिलं होतं. प्लेटिंगच्या चलनावर पीओ नंबर नसतोच. आप्पांनी तिथं ११११ टाकलं.

मी विचारलं, "आप्पा, हे काय?"

"साहेब, काही टाकल्याशिवाय ते पुढं जाऊ देत नाही. गेटवर टेम्पो उभा आहे, ड्रायव्हर हॉर्न मारतोय."

त्यात भर म्हणजे माझ्या स्क्रीनवर चलन एक तर पूर्ण बंद होतं, नाहीतर उघडं राहतं. अर्धवट आलेला माल दाखवायची सोयच मी ठेवली नव्हती. म्हणजे ते १७९ बुश फक्त आप्पांच्या वहीत होते. वही बंद केली असती तर ते कुठंच उरले नसते.

घरी येऊन डेटाबेस पाहिला. १११११, ९९९, ० अशा नोंदींची पानंच्या पानं. दोन महिने मी डॅशबोर्डवर हिरवा रंग बघत होतो.

तुमच्याकडे हे कसं सांभाळता? सिस्टीम बनत असताना वापरणाऱ्यांना कुठं आणि कसं घेता? आयटीवाले आणि वापरणारे, दोन्ही बाजूंनी लिहा.

---

खरेदीतली_ताई | रविवार, रात्री १०:१५

दादा, आधी एक सांगते. आयटीतलं कोणी चार तास आमच्या शेजारी बसलंय असं माझ्या तेरा वर्षांच्या नोकरीत झालेलं नाही. सातपूरला आहे मी, खरेदीत.

आमच्याकडेही बैठका झाल्या होत्या. मला बोलावलंही होतं. पण त्या बैठकीत आमचे साहेब होते, त्यांचे साहेब होते, प्रोजेक्टर होता. सल्लागारानं विचारलं, "मटेरियल आलं की जीआरएन लगेच होतो ना?" जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद. साहेब म्हणाले, "हो, लगेच." आता खरं काय ते मला माहीत होतं. माल आधी लाइनवर जातो आणि जीआरएन संध्याकाळी होतो, कारण लाइन थांबली तर त्याच साहेबांचा फोन येतो. पण ते त्यांच्या तोंडावर कोण बोलणार? मी मान हलवली. सिस्टीम तशीच बनली. आता जीआरएन झाल्याशिवाय माल इश्यू होत नाही, म्हणून लाइनवर माल पोचतो तो 'उसना' म्हणून, चिठ्ठीवर.

माणसाला साहेबांसमोर विचारलं तर नियम कळतो. काम कसं होतं ते कळायला त्याला एकट्याला गाठावं लागतं, तेही त्याच्या जागेवर.

---

कोडकरी | रविवार, रात्री ११:०२

दोघांचं पटतं, पण आयटीची बाजू मांडतो. मी गेली नऊ वर्षं हेच करतोय.

शेजारी बसलो की काय होतं माहितीये? पहिल्या दिवशी एक बदल सांगतात, दुसऱ्या दिवशी सात. 'हे एवढंच करून द्या' असं तीन खात्यांतले तीन लोक सांगतात आणि तिघांचं एकमेकांच्या उलट असतं. एकाला तारीख आपोआप हवी, दुसऱ्याला मागची टाकता यायला हवी. मार्चएंडला साहेब विचारतात, प्रोजेक्ट का लांबला. तेव्हा 'मी स्टोअरमध्ये बसलो होतो' असं सांगून चालत नाही. सही घेतलेला कागदच कामाला येतो. सही आम्ही हौसेनं मागत नाही, मागं अंगावर आलंय म्हणून मागतो.

आणि चाचणीला या म्हटलं की कोणी येत नाही. यूएटीचे, म्हणजे वापरणाऱ्यांनी करायच्या चाचणीचे, पंधरा दिवस ठेवले होते, त्यातले अकरा दिवस 'आज डिस्पॅच आहे' यात गेले. शेवटच्या दिवशी येऊन 'ठीक आहे' म्हणून सही करून गेले. मग गो-लाइव्हच्या, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष सुरू झाल्याच्या, दुसऱ्या दिवशी तेच लोक म्हणतात, हे आम्ही मागितलंच नव्हतं. अशा वेळी आयटीनं काय करायचं?

---

निवृत्त_विश्लेषक | सोमवार, सकाळी ७:२०

कोडकरी, तुमची अडचण खरी आहे. माझी सगळी नोकरी याच भांडणाच्या मधोमध गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी सगळं लिहून घ्या, सही घ्या, मग बांधा, शेवटी दाखवा, ही धबधब्याची पद्धत. तिचं मूळ म्हणून सॉफ्टवेअर अभियंते विन्स्टन रॉइस यांचा १९७० सालचा निबंध दाखवतात. गंमत अशी, की त्याच निबंधात त्यांनी स्पष्ट म्हटलंय की ही पद्धत अशी सरळ एका दमात राबवणं धोक्याचं आहे. नवी गोष्ट असेल तर ती दोनदा बनवा, आणि ग्राहकाला शेवटी न बोलावता मध्ये मध्ये गुंतवून ठेवा, असा त्यांचा सल्ला होता. लोकांनी आकृती उचलली आणि सल्ला सोडून दिला.

न ऐकण्याची किंमत काय असते, याचं माझ्या डोळ्यांसमोर कायम राहिलेलं उदाहरण लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचं. २६ ऑक्टोबर १९९२ ला त्यांनी संपूर्ण शहराचं नियंत्रण एकदम नव्या संगणकावर नेलं. कोणती गाडी कुठं आहे, रिकामी आहे का, हे यंत्राला अचूक कळत राहील हे गृहीत धरलं होतं. त्यासाठी गाडीवरच्या माणसांनी ठरलेल्या क्रमानं बटणं दाबायला हवी होती. धावपळीत ती दाबली गेली नाहीत किंवा मागेपुढे दाबली गेली. यंत्राकडचं चित्र आणि रस्त्यावरचं चित्र वेगळं होत गेलं, एकाच हाकेला दोन गाड्या जाऊ लागल्या, सूचनांचा ढीग साचला. त्यातच नियंत्रण कक्षाची बैठकव्यवस्था बदललेली. वर्षानुवर्षं शेजारी बसून एकमेकांना विचारत काम करणारी माणसं वेगळी पडली होती. दुसऱ्या दिवशी अर्धं काम हातानं करायच्या पद्धतीवर परतावं लागलं. ४ नोव्हेंबरला उरलेलं यंत्रही बसलं. कारण एका प्रोग्रामरनं काही आठवड्यांपूर्वी राहू दिलेला छोटासा कोड, जो सर्व्हरची मेमरी परत करत नव्हता. पुढच्या वर्षी चौकशीचा अहवाल आला, त्यात कर्मचाऱ्यांना विश्वासात न घेणं आणि अपुरं प्रशिक्षण ही कारणं ठळक होती.

त्यानंतरची गोष्ट कमी लोकांना माहीत असते. त्याच सेवेनं १९९६ मध्ये नवी प्रणाली यशस्वीपणे आणली. सावकाश, टप्प्याटप्प्यानं, नमुने कर्मचाऱ्यांना दाखवत दाखवत. माणसं तीच, शहर तेच.

तेव्हा सही जरूर घ्या. पण कागदाऐवजी चालत्या स्क्रीनवर घ्या, आणि ती स्क्रीन ज्याच्या हाताखालून जाणार त्याची घ्या.

---

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ८:०५

काका, शेवटचं वाक्य प्रिंट काढून आमच्या आयटीत लावतो.

---

हिशेबनीस | सोमवार, दुपारी १:३०

अकाउंट्सच्या बाजूनं एक काळजीची गोष्ट. धागाकर्ते, ते १७९ बुश फक्त स्टोअरचा प्रश्न नाहीत. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एक वर्षाच्या आत परत यायला हवा, भांडवली वस्तू असतील तर तीन वर्षांत. नाही आला तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो. आयटीसी-०४ या जॉबवर्कच्या विवरणपत्रात चलनवार गेलेलं आणि आलेलं दाखवावं लागतं. तुमच्या सिस्टीममध्ये चलन पूर्ण बंद दिसत असेल आणि प्रत्यक्षात माल बाहेर असेल, तर विवरणपत्र चुकीचं जातंय. आजच तपासा.

मला यात वाईट एवढ्याचंच वाटतं, की सिस्टीम बनताना जॉबवर्कच्या स्क्रीनसाठी अकाउंट्सला कोणी विचारलं नसणार. आम्हाला बोलावतात ते बिलाच्या स्क्रीनला. पण बिलाचा जन्म गेटवर होतो.

---

अंबडचा_प्रोग्रामर | सोमवार, रात्री ९:१०

हिशेबनीस, मनापासून आभार. तपासलं. तुम्ही म्हणता तसंच आहे, एकवीस चलनं चुकीची बंद झालेली. आणि ती शोधली कशावरून, तर आप्पांच्या वहीतल्या लाल आकड्यांवरून. अकाउंट्सला आजच कळवलं.

ताई, तुमचं वाचून कालपासून अस्वस्थ आहे. आमच्याही बैठकीत आप्पा होते, शेवटच्या खुर्चीवर. दीड तासात एक शब्द बोलले नव्हते. मी त्याला संमती समजलो.

---

दिंडोरी_पॅकहाउस | मंगळवार, सकाळी ६:५०

आमचा धंदा वेगळा, पण दुखणं एकच. निर्यातीच्या द्राक्षांचं पॅकहाउस आहे. अपेडाचं (केंद्र सरकारची शेतमाल निर्यातीची संस्था) ग्रेपनेट २००६ पासून आहे. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा कीडनाशकांच्या उर्वरित अंशाचा रिपोर्ट, पॅकिंग, पॅलेट, सगळी साखळी त्यात जोडलेली. ते सरकारी आहे, त्याची शिस्त पाळावीच लागते आणि त्यामुळेच युरोपात माल जातो. त्याच्या जोडीला आतलं काम, म्हणजे कोणत्या टेबलावर कोणत्या प्लॉटचा माल, किती पेट्या, कोणी भरल्या, यासाठी आम्ही बाहेरून सॉफ्टवेअर करून घेतलं.

करणारी मुलं हुशार होती, मेहनतीही. पण काम सुरू केलं जूनमध्ये. तेव्हा पॅकहाउसला कुलूप असतं. द्राक्ष नाही, बायका नाहीत, सुपरवायझर गावाला. मुलं ऑफिसात माझ्याशी बोलून गेली आणि मी जे सांगितलं त्यावर सगळं बनलं. जानेवारीत सीझन तोंडावर असताना टॅबलेट लावले. पहिल्याच सकाळी कळलं, की पॅकिंगच्या बायकांच्या हातात हातमोजे असतात आणि हातमोज्यानं टच स्क्रीन चालत नाही. दर पेटीला हातमोजा काढा, बोट लावा, परत घाला. लाइनवरची सुपरवायझर ताई दुपारपर्यंत गप्प होती. मग तिनं टॅबलेट उलटा ठेवला आणि पुठ्ठ्यावर पेननं रेघा मारायला लागली. पाच रेघांचा गठ्ठा, जसं कायम करत आली तसं.

मला राग आला होता, खरं सांगतो. पण त्या दिवशीचा पेट्यांचा हिशेब फक्त त्या पुठ्ठ्यावर बरोबर निघाला.

यावर उपाय तिनंच सांगितला. प्रत्येक टेबलाला एक कार्ड अडकवा आणि पेटी पुढं सरकली की वजनकाट्यावरच्या मुलानं ते स्कॅन करावं. त्याच्या हातात मोजे नसतात. खर्च नगण्य. पण मार्चपर्यंत आमचं डोकं तिकडं गेलंच नाही, कारण तिला विचारलंच नव्हतं.

कोडकरी भाऊ, चाचणीला लोक येत नाहीत म्हणता. त्यांचा हंगाम बघून वेळ ठरवा. एप्रिल छाटणीच्या सुमारास बोलावलं तर आमच्याकडचे दिवसभर बसतील. फेब्रुवारीत बोलावलं तर मीसुद्धा येणार नाही.

---

रात्रपाळी | मंगळवार, पहाटेच्या ड्यूटीनंतर, सकाळी ९:१५

नाशिकमधल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे दोन वॉर्डांत एक कॉम्प्युटर. आयटीनं सुरक्षेसाठी दोन मिनिटांत आपोआप लॉगआउट होईल असं केलं. सलाइन बदलून येईपर्यंत स्क्रीन बंद. मग एकीचंच लॉगिन सगळ्या वापरायला लागल्या. आयटीकडून कडक मेल आला, पासवर्ड वाटून घेऊ नका. बरोबरच आहे ते. औषध कोणी दिलं याची नोंद चुकली तर जीवाशी गाठ आहे, हे आम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं. पण मेल पाठवणाऱ्यानं एकदा रात्री दोन वाजता वॉर्डात यायला हवं होतं. तक्रार नोंदवली की तिकीट नंबर मिळतो. पुढं काय झालं ते कोणी सांगत नाही. 'नाही होणार' एवढं कळवलं तरी चालेल, निदान वाट बघणं थांबतं.

---

कोडकरी | मंगळवार, रात्री १०:३०

रात्रपाळी ताई, हे मनाला लागलं. आमच्याकडे जुनी दोनशेच्या वर तिकिटं पडून आहेत. त्यातल्या निम्म्यांना आम्ही मनातल्या मनात 'नाही' म्हणून मोकळे झालोय, पण कळवलेलं नाही. समोरच्यासाठी ते सगळं उघडंच आहे.

पॅकहाउसवाल्या दादांचा हंगामाचा मुद्दाही पटला. महिनाअखेरीला डिस्पॅचवाल्यांना चाचणीला बोलावणारा मीच.

पण माझा मूळ प्रश्न उरतोच. तिघांचं उलटसुलट मागणं आलं तर ठरवायचं कोणी? आयटीनं ठरवलं की आयटी वाईट.

---

निवृत्त_विश्लेषक | बुधवार, सकाळी ७:०५

आयटीनं ठरवूच नये. तिघांना एका टेबलाशी बसवा, साहेबांना बाहेर ठेवा, आणि खरी चलनं समोर ठेवा. गेल्या आठवड्यातली दहा चलनं घेऊन ती एकेक करून चालवून बघा. मागची तारीख टाकायची गरज कोणत्या चलनाला पडली? दहातल्या एकालाच पडली असेल तर वाद तिथंच मिटतो. गोष्ट हवेत असते तेव्हा लोक भांडतात. कागद हातात आला की बोलायला लागतात. आणि तरीही नाही मिटलं तर ठरवणारा एक माणूस आधीच नेमलेला हवा, कामाच्या बाजूचा.

एनिड ममफोर्ड नावाच्या एक प्राध्यापिका मँचेस्टरला होत्या. यंत्रणा बदलली की ज्यांचं काम बदलतं त्यांनी स्वतः आराखड्यात बसावं, हे त्यांनी आयुष्यभर मांडलं आणि प्रत्यक्ष कारखान्यांत, कचेऱ्यांत करून पाहिलं. पूर्वी जहाजगोदीचा अभ्यास करताना कामगारांशी ओळख व्हावी म्हणून त्या गोदीच्या कँटीनमध्ये काम करत होत्या, असं त्यांच्याबद्दल सांगतात. धागाकर्त्यांचं स्टूल वाचून त्यांची आठवण झाली.

---

खरेदीतली_ताई | बुधवार, दुपारी १२:४०

एक राहिलं होतं. भीतीबद्दल कोणीच बोललं नाही.

वहीत चूक झाली तर खोडून दुरुस्त करता येते. सिस्टीममध्ये आपल्या नावानं, वेळेसकट उमटते. आमच्याकडे नवी सिस्टीम आल्यावर पहिल्याच महिन्यात स्टॉकमध्ये तफावत आली आणि एका मुलाला मेमो मिळाला. तफावत जुनीच होती, आधी दिसत नव्हती एवढंच. त्या दिवसापासून स्टोअरमध्ये सगळे आधी वहीत लिहितात, चार वेळा मोजतात आणि मग घाबरत घाबरत एंटर दाबतात. वही त्यांच्यासाठी पुरावा आहे. दादा, तुमच्या आप्पांना एकदा विचारा, वही कोणासाठी लिहिता म्हणून.

---

अंबडचा_प्रोग्रामर | शनिवार, रात्री ८:२० (पाच आठवड्यांनंतर)

धाग्यावर परत येतोय, काय काय केलं ते सांगायला.

ताईंनी सांगितलं तसं आप्पांना विचारलं. चहा घेताना, गेटबाहेर. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आधीच्या कंपनीत सिस्टीम आली तेव्हा माझ्या पगारातून कापले होते. तेव्हापासून लिहितो." हे कुठल्या रिक्वायरमेंटच्या कागदावर आलं असतं?

प्लँट हेडना भेटलो. पहिले तीन महिने सिस्टीममधल्या तफावतीवरून कोणालाही मेमो नाही, असं त्यांच्याकडून लेखी घेतलं आणि नोटीस बोर्डावर लावलं. खरं तर पहिल्या ओळीचा कोड लिहायच्या आधी हे घ्यायला हवं होतं.

जॉबवर्कची स्क्रीन नव्यानं केली. आप्पांची वही शेजारी उघडी ठेवूनच. चौदाचे सहा रकाने झाले, वहीतल्याच क्रमानं. पीओ नंबर सक्तीचा राहिला नाही, खरेदीवाले तो नंतर भरतात. निवृत्त काकांनी सुचवलेली दहा चलनांची बैठक घेतली. त्यात खरेदीच्या मुलानंच कबूल केलं, की तो नंबर त्यांना गेटवर कधीच लागत नव्हता. बाकी राहिलेला आकडा आप्पांच्या सांगण्यावरून लाल केला.

तक्रारींची यादी स्टोअरच्या भिंतीवर लावलीय. प्रत्येकीपुढं 'होणार' आणि तारीख, किंवा 'नाही' आणि कारण. कोडकरी, तुमची भीती होती तसं मागण्या वाढल्या. पण 'नाही' लिहिलेल्या सात गोष्टींवर कोणी भांडलं नाही. एकीवर फक्त कारण पटलं नाही म्हणून आले, आणि बोलल्यावर कळलं की चूक माझीच होती.

सगळं जमलंय असं मुळीच नाही. बारकोडच्या लेबलला तेल लागलं की स्कॅनर वाचत नाही. पावसात लाइट गेली की अर्धा तास सगळं ठप्प होतं, तेव्हा वहीच लागते. म्हणून ती बंद करायचा विषय मी सोडून दिलाय. आप्पा आता आधी स्क्रीनवर टाकतात आणि दिवसाच्या शेवटी बाकीचे आकडे वहीशी ताडून बघतात. परवा त्यांनी एक फरक पकडला, आणि त्यात वही चुकीची निघाली.

सोमवारपासून टूलरूमचं काम हाती घेतोय. आधी दोन दिवस नुसतं स्टूल टाकून बसणार, पहिल्या शिफ्टला.

---

खरेदीतली_ताई | शनिवार, रात्री ९:०५

छान वाटलं वाचून, दादा. आप्पांना माझा नमस्कार सांगा.

टूलरूममध्ये बसाल तेव्हा धार लावून आलेल्या कटरचं आधी विचारा. १२ मिमीची एंडमिल (एक प्रकारचा कटर) धार लावून आली की १२ ची राहत नाही, पण आयटम कोड तोच राहतो. आमच्याकडे त्यावरून जॉब रिजेक्ट झालेत. कोणता कटर आता किती मापाचा आहे, हे तिथल्या एखाद्या मामांकडे कुठंतरी लिहिलेलं असणार. ते आधी बघायला मागा.